हॅचिबी तलावातील अधिकृत चावे

मासा गळाला लागणं ही नुसती घटना आहे. मासा गळाला लागण्याचं शेकडा प्रमाण काढणं ही संस्कृती आहे. मासे बगळाही पकडतो, आणि खरं सांगायचं तर बरे पकडतो. पण दर शंभर चोचींमागे तुझे मासे किती, हे कुठल्याही बगळ्याला विचारून पाहा. तो नुसता मान वाकडी करून बघेल. म्हणूनच बगळा आजतागायत चिखलात एका पायावर उभा आहे, आणि माणूस गुबगुबीत खुर्चीच्या बोटीत बसून रिकाम्या हाताने घरी येतो.

अलाबामातल्या हॅचिबी तलावाच्या बास मंडळाला हे अगदी अलीकडे उमगलं. तोवर मंडळ अंधारात चाचपडत होतं. सभासद शनिवारी पहाटे तलावावर जात, दुपारी परतत, आणि कुणी 'किती मिळाले?' असं विचारलं तर 'तीन' किंवा 'एकही नाही' असं रानटी उत्तर देऊन मोकळे होत. बास हा मोठ्या तोंडाचा, हिरवट, गोड्या पाण्यातला मासा. तो पकडतात, त्याचं वजन करतात, आणि त्याला पुन्हा पाण्यात सोडतात. (खायला कॅटफिश असतो. तो दुकानातून आणतात.)

मंडळाचं कार्य समजून घ्यायचं तर आधी प्लास्टिकचं गांडूळ समजून घ्यावं लागेल. खरं गांडूळ वापरणं मंडळात असभ्य मानतात, कारण खऱ्या गांडुळाला कुणाचाही मासा लागतो. त्यात माणसाचं कर्तृत्व ते काय? प्लास्टिकचं गांडूळ वीतभर लांब आणि लिबलिबीत असतं. ते हिरव्या भोपळ्याच्या रंगात मिळतं, कलिंगडाच्या रंगात मिळतं, गाडीच्या जळक्या तेलाच्या रंगातही मिळतं. त्यात मीठ घातलेलं असतं, आणि वर लसणाचा वास. म्हणजे ज्या माशाने उभ्या जन्मात भोपळा पाहिला नाही, गाडीचं तेल बदललं नाही आणि ज्याच्या घरी कधी लसणाची फोडणी पडली नाही, त्याला हे गांडूळ अस्सल वाटावं अशी ही योजना आहे. त्याला ते वाटतंही. यावरून माशाच्या बुद्धीबद्दल कुणी घाईने मत बनवू नये. ती गांडुळं विकत घेणारा मासा नसतो.

गांडूळ गळात ओवायची एक खास पद्धत आहे. गळाचं टोक बाहेर ठेवायचं नाही, ते पुन्हा गांडुळाच्या पोटात खुपसून लपवायचं. टोक उघडं राहिलं तर ते पाणगवतात अडकतं, बुडालेल्या झाडात अडकतं, शेजारच्याच्या टोपीतही अडकतं. लपवलं की ते कशातच अडकत नाही. माशातही नाही. गळ कशातही अडकू नये याची चोख व्यवस्था करायची, आणि मग तो माशात का अडकत नाही याची चिंता करायची, हे मंडळाचं घटनेत न लिहिलेलं पण मुख्य उद्दिष्ट होय.

या चिंतेत ऑर्व्हल टिडवेलचा वाटा सर्वांत मोठा होता. ऑर्व्हल काउंटीच्या पाणीपुरवठ्याकडे मीटर वाचायच्या नोकरीत होता आणि रविवारी चर्चमध्ये दानाची थाळी फिरवायचा. दोन्ही कामांनी त्याला एकच खोड लागली होती: दिसेल ते खरं सांगायचं. दोरीला पाण्याखाली जरा कुठे टुक झालं की ते त्याच्या हाताला कळायचं. मग तो झटका मारायचा, काठी आकाशाला भिडायची, आणि पाण्यातून वर यायचं ते शेपूट कुरतडलेलं भोपळी गांडूळ. असं तो वर्षानुवर्षं करत आला होता आणि त्यात तसा सुखी होता. मासा लागला नाही तर बोटीत पुढे उभा असलेला त्याचा मेव्हणा रॉइस हॅम्लिन मागे न बघता म्हणायचा, "देव तुझं भलं करो." (त्या भागात हे वाक्य शिवीच्या जागी वापरतात.)

रॉइस हा ऑर्व्हलच्या बायकोचा, लव्हॉनचा, थोरला भाऊ. तो गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायचा आणि जगात फारसं बोलायचा नाही. त्याचा घटस्फोट झाला ही बातमी मंडळाला त्याच्या डब्यातल्या सँडविचवरून कळली. बोट त्याची, त्यामुळे पुढची जागा त्याची. मागच्या खुर्चीवर ऑर्व्हल. मागच्याला नेहमी पुढच्याने आधी ढवळलेलं पाणी मिळतं, पण ऑर्व्हलची कधी तक्रार नव्हती. त्याचे वडील वारले त्या आठवड्यात रॉइस सांत्वनाचं एक अक्षर बोलला नव्हता. त्याने फक्त बुडालेल्या अक्रोडाच्या झाडापाशी बोट अशी वळवून उभी केली की पहिली फेक मागच्या खुर्चीला मिळावी. ते झाड म्हणजे रॉइसची सगळ्यांत प्रिय जागा. ऑर्व्हलला अंत्यविधीला आलेली माणसं आता नीट आठवत नाहीत, ते वळण मात्र आठवतं.

तर अशा या मागासलेल्या मंडळाला उजेड दाखवला तो नवे अध्यक्ष लेलँड पीव्ही यांनी. पीव्ही हे गाडीच्या आसनपट्ट्यांच्या एका कारखान्यात गुणवत्ता अधिकारी होते आणि सदोष पट्ट्यांचं प्रमाण शून्यावर आणून निवृत्त झाले होते (पट्टे तपासणारी तिन्ही माणसं कमी करून). पहिल्याच सभेत त्यांनी सभासदांना एक साधा प्रश्न विचारला: "मासे किती मिळाले हे तुम्ही सांगता. किती चावले आणि किती मिळाले, हे कोण सांगणार?" चर्चच्या सभागृहात माना एकमेकांकडे वळल्या. पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या त्या लोकांना हा प्रश्न कधी सुचलाच नव्हता, आणि तो न सुचल्यामुळेच ते आजवर बरे झोपत होते.

पीव्हींनी कार्यपद्धती घालून दिली. दोरीला चावा जाणवताच सभासदाने 'चावला!' असं स्पष्ट आवाजात ओरडावं. जोडीदाराने डाव्या खिशातली एक चवळी उजव्या खिशात टाकावी. दिवसाअखेर मासे भागिले चवळ्या गुणिले शंभर. शरद ऋतूत मंडळाची जोड्यांची स्पर्धा भरते. यापुढे जोड्या समान प्रमाणाच्या सभासदांच्या लावाव्यात, वशिल्याने किंवा नात्याने लावू नयेत. ज्याचं प्रमाण तळाला असेल त्याने त्या दिवशी धक्क्यावर थांबून सर्वांसाठी कॅटफिश तळावा. ठराव सर्वानुमते संमत झाला, कारण बिस्किटं (तिकडे लोणी घालून भाजलेल्या मऊ पावाला बिस्किट म्हणतात) आणि रस्सा गार होत होता.

महिन्याभरात आकडे आले. रॉइसचं प्रमाण शंभर टक्के निघालं. कारण मासा बोटीत येऊन पडेपर्यंत तो 'चावला' म्हणतच नसे, आणि पडल्यावरही दोनदा विचारावं लागे. बहुतेक सभासद वीस ते तीसच्या दरम्यान होते. ऑर्व्हलचं प्रमाण नऊ टक्के. तो गवताला ओरडला होता, दगडाला ओरडला होता, एकदा स्वतःच्या बुटाखाली सापडलेल्या दोरीलाही ओरडला होता. रॉइसचा उजवा खिसा चवळीने इतका फुगला की पेट्रोल भरताना पंपावरच्या पोराने त्याला दवाखाना सुचवला.

आणि समान प्रमाणाच्या नियमाने रॉइसची जोडी ठरत होती ती स्वतः पीव्हींशी. पीव्ही स्वतः स्वतःच्या चवळ्या मोजत, म्हणून त्यांचं प्रमाणही शंभर होतं. ऑर्व्हलच्या वाट्याला कढई.

ऑर्व्हलने हे घरी हसत हसत सांगितलं आणि मग बराच वेळ सिंकपाशी पाठमोरा उभा राहिला. कॅटफिश तळायला त्याची ना नव्हती. मक्याच्या पिठात घोळवून त्याच्यासारखा कुणी तळत नसे. पण एकदा त्या खुर्चीवर दुसरा बसला की ती खुर्ची दुसऱ्याची होते, हे त्याला ठाऊक होतं. रॉइस काही फोन करणारा माणूस नव्हे. शनिवार गेला की मेव्हणा गेला. ऑर्व्हलला भीती वाटली, आणि त्या भीतीचा माशांशी काही संबंध नव्हता.

मग त्याने सुधारणा आरंभली. मंडळाच्या सुधारणा समितीने त्याला पुढीलप्रमाणे मार्गदर्शन केलं. गळ इतका धारदार असावा की अंगठ्याच्या नखावर ठेवताच रुतावा (रुतला; डॉक्टरांनी काढला). गळ मोठा घ्यावा. गळ लहान घ्यावा. गांडूळ बारीक घ्यावं, म्हणजे टोक चटकन बाहेर येतं. मात्र जाड घ्यावं, म्हणजे मोठा मासा येतो. चावा जाणवताच विजेसारखा झटका मारावा. चावा जाणवल्यावर शांतपणे थांबावं, खोल श्वास घ्यावा आणि आईचं पूर्ण नाव मनात म्हणावं. (ऑर्व्हलच्या आईचं नाव अर्नेस्टीन क्लोटिल्डा टिडवेल, तेवढ्यात मासा पलीकडच्या काठाला पोचायचा.) समितीतल्या प्रत्येकाचा सल्ला अनुभवसिद्ध होता आणि प्रत्येकाला तो दुसऱ्याने सांगितला होता.

शेवटी घरीच सराव करायचं ठरलं. एका संध्याकाळी ऑर्व्हल काठी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. दोरीचं दुसरं टोक बैठकीच्या खोलीत, आरामखुर्चीत बसलेल्या लव्हॉनच्या हातात. तिच्या मांडीवर उकडलेल्या शेंगांची वाटी होती आणि समोर टीव्हीवर बक्षिसांचा कार्यक्रम.

"मी नक्की करायचंय काय?" लव्हॉनने विचारलं.

"तू मासा आहेस."

"लग्नाला इतकी वर्षं झाली, सांगितलं नाहीस कधी."

"दोरी बोटात धर आणि मनात येईल तेव्हा ओढ."

"आणि मनात आलंच नाही तर?"

"तेही चालेल. मासे तसंच करतात."

टीव्हीवर कुणाला तरी मोटार लागली. थोडा वेळ गेला. "चावला!" ऑर्व्हल किंचाळला आणि त्याने असा झटका मारला की फ्रीजवरचा पावाचा डबा खाली आला.

"मी हातसुद्धा लावला नाही," लव्हॉन म्हणाली. "दोरी खुर्चीच्या हातावर आहे. मी शेंगा सोलतेय."

"मग ते काय होतं?"

"एसी सुरू झाला, ऑर्व्हल."

ऑर्व्हलने पावाचा डबा उचलला आणि परत वर ठेवला. त्याचा चेहरा बघून लव्हॉनने टीव्हीचा आवाज कमी केला. असं ती फार क्वचित करत असे.

"जे जे जाणवतं ते सगळं ओरडून सांगायलाच पाहिजे का रे?"

"नियम आहे तसा."

"रॉइसला तर कधी काही जाणवत नाही."

"जाणवतं. बोलत नाही, एवढंच."

"हो ना. म्हणून तर तुला बरोबर नेतो. त्याच्या वाटचंही तूच बोलतोस." तिने एक शेंग तोंडात टाकली. "त्या पीव्हीला त्याच्या मागे बसवलंत ना, तर माझा भाऊ एक दिवस बूट काढून सरळ पाण्यात चालायला लागेल. मग मला बोलावू नका."

एवढं बोलून तिने दोरी उचलली, बोटाभोवती गुंडाळली आणि सराव संपला असं समजून वाटीसकट उठून न्हाणीघराकडे निघाली. ऑर्व्हलला या खेपेस टुक असं काही जाणवलंच नाही. दोरी नुसती गुपचूप डावीकडे चालायला लागली. तो ओरडायला विसरला. त्याने सैल पडलेली दोरी गुंडाळून घेतली, काठीचं टोक खाली केलं आणि मारला झटका. वाटी उडाली, शेंगा गालिचाभर झाल्या, आणि लव्हॉन एका पायावर गिरकी घेऊन पुन्हा खुर्चीत येऊन बसली. त्या महिन्यातली ही ऑर्व्हलची पहिली निर्विवाद पकड. तिचं वजन मात्र करू दिलं गेलं नाही.

दरम्यान मंडळावर संकट आलं होतं. एकंदर प्रमाण तेवीस टक्क्यांच्या वर सरकायला तयार नव्हतं, आणि पीव्हींनी ते चर्चच्या दारावर, रविवारच्या प्रवचनाच्या विषयाखाली लावलं होतं. तेव्हा त्यांनी खास सभा बोलावली. तोट्याचं मूळ सापडलं होतं, आणि ते मूळ म्हणजे ब्लूगिल. ब्लूगिल हा तळहाताएवढा मासा. त्याच्या तोंडात गळ मावत नाही, पण त्याला गांडुळाची शेपूट कुरतडायची भारी हौस. सभासद ज्याला चावा समजत होते तो बहुतांशी याचा उद्योग होता.

"ब्लूगिलचा चावा बासच्या चाव्यात धरणं हा गुणवत्तेचा खून आहे," पीव्ही म्हणाले.

"पण मिस्टर पीव्ही, खाली ब्लूगिल आहे का बास, हे वर बसून कळायचं कसं?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"बाहेर काढून."

"आणि बाहेर आलाच नाही तर?"

"तर तो बास होता याला पुरावा काय?"

कुणीतरी रश्श्याच्या पातेल्यात डाव फिरवला. हा युक्तिवाद एवढा सरळ होता की त्याच्यावर बोट ठेवायला जागाच नव्हती. मग व्याख्या संमत झाली: 'चावा' म्हणजे जिच्या अखेरीस बास मासा जिवंत स्थितीत मंडळाच्या वजनकाट्यावर हजर करण्यात आला आहे अशी, आणि अशीच, हालचाल. तदितर हालचाली घडल्या नाहीत असं समजण्यात यावं.

बिस्किटं गार व्हायच्या आत हॅचिबी मंडळाचं प्रमाण तेवीसवरून शंभर टक्क्यांवर गेलं. जगात मासेमारीच्या तंत्रात एवढी झेप इतक्या कमी लोण्यात कुणी घेतली नसेल. जुने आकडे रद्द झाले, कारण ते न झालेल्या चाव्यांचे होते. लोकांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. एका वृद्ध सभासदाच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात निसटलेला प्रत्येक मासा त्याच्या छातीवरून एकदम उतरला होता. शेजारच्या काउंटीच्या मंडळाने ही पद्धत पाहायला दोन माणसं पाठवली. (तिथे प्रमाण चौतीस टक्क्यांवर रखडलं आहे. ते लोक अजून खरं बोलतात.)

ऑर्व्हलने हात वर केला. "आणि ज्याला एकही मासा मिळाला नाही त्याचं प्रमाण?"

"त्याला मासा नाही, म्हणजे चावाही नाही. शून्य भागिले शून्य. त्याला प्रमाणच नाही."

"म्हणजे शून्य टक्के?"

"शून्य टक्के यायला निदान चावा तरी लागतो, मिस्टर टिडवेल," पीव्ही मायेने म्हणाले. "आणि ज्याला प्रमाण नाही त्याला बोटीत कुणाशेजारी बसवणार?"

जोड्या लावण्याआधी एकच शनिवार उरला होता. ऑर्व्हलला एक मासा हवा होता. लहान चालला असता, रोगट चालला असता, फक्त काट्यावर हजर राहणारा हवा होता.

त्या शनिवारी तलावावर धुकं होतं. काठाला एक बगळा उभा होता, प्रमाणाविना.

"आज ओरडू नकोस," रॉइस म्हणाला.

"नाही ओरडणार."

"ओरडलास तरी मोजणार नाही. चवळी शिजवून खाल्ली."

सकाळभर रॉइसला मासे मिळत गेले. एकेक करून पाच उत्तम बास बोटीतल्या पाण्याच्या टाकीत पडले; पाचापेक्षा जास्त ठेवता येत नाहीत, म्हणून तो थांबला. मागच्या खुर्चीवर टुकटुक चालू होती. ऑर्व्हल ओठ मिटून बसला. गांडूळ शेपूट गमावून परत येई, तो दुसरं ओवी. पाचवं शेपूट गेलं तेव्हा रॉइसने काही न बोलता बोट फिरवली. बुडालेल्या अक्रोडाच्या फांद्या पाण्याखाली काळ्या दिसायला लागल्या. रॉइसने मोटर बंद केली आणि बोट अशी वळू दिली की झाड मागच्या खुर्चीसमोर आलं. मग तो खाली बसला आणि थर्मासचं झाकण उघडण्यात गुंतला. झाकण एवढं घट्ट नव्हतं.

ऑर्व्हलला वडील आठवले. त्याने गांडूळ फांद्यांच्या बेचक्यात टाकलं. टुक. त्याने जाऊ दिलं. पुन्हा टुक. तेही जाऊ दिलं. आणि मग टुक नाही, काही नाही. दोरी गुपचूप डावीकडे चालायला लागली, शेंगांची वाटी घेऊन कुणी न्हाणीघराकडे निघावं तशी. ऑर्व्हलने सैल दोरी गुंडाळली, टोक खाली केलं, आणि मारला.

काठी वाकून पाण्याला टेकली. खालून कुणीतरी तेवढ्याच रागाने उलट झटका मारला. मासा एकदा वर आला, हवेत आडवा झाला, आणि दोघांनी त्याचं तोंड पाहिलं. त्यात कॉफीचा मग आरामात मावला असता. "फांदीत जाऊ देऊ नको! ओढ! हळू! ओढ म्हणतो ना, गाढवा! हळू!" रॉइस एका दमात वर्षभराचं बोलला आणि हातजाळं घेऊन गुडघ्यांवर बसला. मासा बोटीला लागला. जाळ्याची कड त्याच्या पोटाखाली गेली. तेवढ्यात त्याने डोकं हलवलं, गळ सुटला, भोपळी गांडूळ रॉइसच्या टोपीवर येऊन बसलं, आणि मासा क्षणभर दोघांकडे बघून खाली निघून गेला.

रॉइसने रिकामं जाळं बोटीत ठेवलं.

"सात पौंड," रॉइस म्हणाला.

"आठ."

"सात. रडू नकोस."

"रडत नाहीये."

पण तो रडत होता. आयुष्यात लागलेला सर्वांत मोठा मासा गेला याचं दुःख त्याने पचवलं असतं. माणसं ते पचवतात, त्यावर हॅचिबीच्या काठी अख्खी घराणी जगली आहेत. पण नियमाप्रमाणे तो मासा गेला नव्हता. तो लागला नव्हता, चावलाही नव्हता. त्या बोटीत दोन प्रौढ माणसं अक्रोडापाशी नुसती बसून होती, आणि त्यातल्या एकाच्या टोपीवर काही कारण नसताना गांडूळ होतं.

धक्क्यावर पीव्ही वजनकाट्याशी उभे होते. मागे कढई ठेवली होती, आणि त्यांच्या हातावर ऑर्व्हलसाठी स्वच्छ धुतलेला एप्रन होता. बाकीचे सभासद एकेक मासा तरी घेऊन पोचले होते. सगळे शंभर टक्के.

"मिस्टर टिडवेल?"

"काही नाही," ऑर्व्हल म्हणाला. आठ पौंडांबद्दल तो बोलला नाही. असं गप्प राहायची त्याची ही पहिलीच वेळ, आणि ते त्याला बुटात खडा गेल्यासारखं टोचलं.

"मिस्टर हॅम्लिन?"

रॉइसने टाकीचं झाकण उघडलं. एक जाडजूड बास बाहेर काढला, सगळ्यांना दिसेल असा धरला आणि धक्क्याच्या कडेने पाण्यात सोडला. मग दुसरा. मग तिसरा. मग चौथा, आणि पाचवाही.

"हे काय केलंत!" पीव्ही ओरडले.

"सटकले."

"पाचही?"

"ओले होते."

"अहो, मी या डोळ्यांनी पाहिले!"

"काट्यावर पाहिलेत?"

पीव्हींनी काट्याकडे पाहिलं. काटा शून्यावर होता.

"मग चावलेच नाहीत," रॉइस म्हणाला. "मलापण प्रमाण नाही. ह्यालापण नाही. समान समान एकत्र, तुमचाच नियम."

"पण दोघांनाही प्रमाणच नसेल तर ते समान कसं म्हणायचं?"

"असमान आहे म्हणून सिद्ध करा. आम्ही थांबतो."

पीव्हींचे ओठ हलू लागले. शून्य भागिले शून्य त्यांनी बोटांवर करून पाहिलं, मग दुसऱ्या हाताच्या बोटांवर करून पाहिलं. गुणवत्तेच्या शास्त्रात असमान शून्यांची तरतूद नाही. जोड्या लागत गेल्या, आणि सरतेशेवटी एकच सभासद जोडीविना उरला. एप्रन तसाही त्यांच्याच हातात होता.

रॉइसने हे ऑर्व्हलवरच्या मायेने केलं की पीव्हींच्या बडबडीच्या भीतीने, यावर मंडळात दोन मतं आहेत. रॉइसला विचारून उपयोग नाही. घरी जाताना ट्रकमध्ये तो फक्त एवढंच म्हणाला, "सातच होता." ऑर्व्हलने त्या वेळी वाद घातला नाही.

जोड्यांच्या स्पर्धेत ते दोघे शेवटचे आले. त्या दिवशी त्यांच्या बोटीत अधिकृतरीत्या काहीच घडलं नाही. मागच्या खुर्चीवरून सकाळपासून 'चावला! चावला!' असा आरडाओरडा पलीकडच्या काठापर्यंत ऐकू येत होता आणि पुढून दर वेळी कुणीतरी एखाद्याचं भलं करायला देवाला सांगत होतं, पण तो ध्वनी व्याख्येत बसत नाही. पीव्हींनी तळलेला कॅटफिश मात्र शंभर टक्के कुरकुरीत निघाला. (मऊ राहिलेला कॅटफिशमध्ये धरला नाही.)

ही पद्धत इतकी गुणकारी ठरली की प्रस्तुत कथेलाही ती लावण्यात आली आहे. जे लोक भोपळ्याच्या रंगापाशी, चवळीपाशी किंवा ठरावापाशी कंटाळून उठून गेले, ते मुळात वाचक नव्हतेच. ते शेपूट कुरतडणारे ब्लूगिल. मोजायचा तो फक्त शेवटच्या ओळीपर्यंत आलेला. त्यामुळे ही कथा शंभर टक्के वाचकांनी शेवटपर्यंत वाचली आहे, आणि त्यात तुम्ही आहात. गांडूळ प्लास्टिकचं आहे आणि टोक त्याच्या पोटात लपवलेलं आहे, हे तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलं होतं. तरी तुम्ही ते तोंडात धरून इथवर चालत आलात. आता उगाच तडफडू नका. वजन झालं की तुम्हाला सोडून देण्यात येईल. तोंडाला थोडा वेळ लसणाचा वास येईल, तो जातो.